डोमकावळ्याची डाय

पिस्तूल हातात आलं तेव्हा मी सगळ्यात आधी त्याची पार्टिंग लाइन शोधली. दुसऱ्या कुणी नेम धरून पाहिला असता. पण ज्याचं अर्धं आयुष्य डायकास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबून भरण्याच्या कामात गेलं, त्याची बोटं आपसूक कडेकडेनं फिरतात. डायचे, म्हणजे त्या साच्याचे, दोन भाग जिथे मिटतात तिथे ओतलेल्या धातूवर केसाएवढी रेघ उठते. कितीही बफिंग करा, नखाला ती लागतेच. इथे ती मुठीच्या पाठीवरून खाली उतरत होती. क्रोमला जागोजाग फोड आले होते, मोरीतल्या जुन्या नळाला येतात तसे.

“जस्त आहे हे,” मी म्हणालो.

शेजारच्या बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, नवरा जाऊन तीन महिने झालेले. “हनी, ते कशाचं आहे हे मी विचारलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “ते या घरातून जाईल कसं, तेवढं सांग.”

आमचा शेजार चौदा वर्षांचा. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, पोमोनात. दिवाळीचे शंकरपाळे कुंपणावरून तिकडे जातात, आणि नोव्हेंबरात त्यांच्याकडून रताळ्याचा पाय येतो. (आईला हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “रताळ्याला पाय?”) नवऱ्याच्या पलंगाशेजारचा खण आवरताना बाईंना मोज्यात गुंडाळलेलं हे सापडलं. गोळ्या पुतण्यानं आधीच काढून वेगळ्या ठेवल्या होत्या. तरी मी मॅगझिन काढलं, स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) मागे ओढली आणि नळी मोकळी आहे ना ते तीनदा पाहिलं. मग उजेडात धरून अक्षरं वाचली. रेव्हन आर्म्स. एमपी-२५. इंडस्ट्री, कॅलिफोर्निया.

इंडस्ट्री हे गावाचं नाव आहे, आमच्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर. १९५७ मध्ये कारखान्यांसाठीच वसवलेली नगरपालिका. राहणारी माणसं काही शेकड्यांत, शेड मात्र हजारांत. भोसरीला वेगळी नगरपालिका देऊन गावाचं नाव ‘एमआयडीसी’ ठेवलं असतं तर जसं झालं असतं, तसं. आणि रेव्हन म्हणजे आपला डोमकावळा.

भोसरी उगाच आठवली नाही. डिप्लोमा संपल्यावर पहिली नोकरी तिथेच लागली, जस्ताच्या डायकास्टिंगच्या एका छोट्या युनिटमध्ये. पत्र्याची शेड, तीन हॉट चेंबर मशिनं, आणि दिवसभर एकच ताल: डाय मिटली, शॉट बसला (म्हणजे धातू आत दाबला गेला), डाय उघडली, पिनांनी माल ढकलला, टपकन पडला. कुलपांच्या बॉड्या, कपाटांच्या मुठी, स्कूटरच्या कार्ब्युरेटरची बॉडी. धातूला आम्ही झमाक म्हणायचो. मला बरीच वर्षं वाटायचं की हा भोसरीचाच शब्द, कुणा मिस्त्रीनं झमकतं म्हणून पाडलेला. नंतर कळलं की तो जर्मन आहे: झिंक, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांब्याचं कुपफर, यांची आद्याक्षरं जोडून झालेला. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक नावाच्या अमेरिकन कंपनीनं हा मिश्रधातू आणला. बहुतेक जस्त, चारेक टक्के अॅल्युमिनियम, बाकीचं चवीपुरतं. ३८१ ते ३८७ अंश सेल्सिअसच्या मध्ये वितळतो. पोलादाला याच्या जवळजवळ चौपट आच लागते.

सगळी स्वस्ताई या आकड्यात आहे. कमी तापमान म्हणजे कमी गॅस. कमी तापमान म्हणजे डायवर कमी मार. अॅल्युमिनियमच्या डायला लाखभर शॉटनंतर भेगा पडायला लागतात, जस्ताची डाय नीट सांभाळली तर दहा लाखांपर्यंत जाते. धातू पाण्यासारखा पातळ होतो, त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो; नंतर मशिनिंग फारसं करावं लागत नाही. पोलादाच्या ठोकळ्यातून पिस्तुलाची बॉडी कोरायची तर एकेका नगाला किती हत्यारं, किती सेटिंग, किती तास. जस्तात तोच आकार काही सेकंदांत टपकन खाली पडतो.

बाईंच्या हातातून आलेल्या त्या चारशे-सव्वाचारशे ग्रॅमच्या वस्तूत हे सगळं मला दिसत होतं. नळीत आत पोलादी नळकांडं बसवलेलं, कारण तिथे जस्त टिकणार नाही. स्लाइड जस्ताची, बॉडी जस्ताची. गोळी पॉइंट टू फाइव्ह, म्हणजे साधारण पाव इंच जाडीची, सहा गोळ्यांचं मॅगझिन. एवढ्या अशक्त गोळीला स्लाइड कुलूपबंद करणारी यंत्रणा लागत नाही. स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग यांवर भागतं. ही गोळी जॉन ब्राउनिंगनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोटाच्या खिशात मावणाऱ्या पिस्तुलासाठी काढली होती. कमीत कमी पार्ट, प्रत्येकाला सर्वात सोपा आकार. कुणीतरी बसून एकेक पैसा मोजत हे डिझाइन केलेलं होतं. कारागीर म्हणून मला ते आवडलं, हे कबूल करतो. आवडल्याचं लगेच वाईटही वाटलं, तेही कबूल करतो.

हे पिस्तूल जन्माला आलं ते एका कायद्याच्या फटीतून. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या अॅम्बॅसडर हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. त्यात एक कलम असं की परदेशातून येणारी बंदूक खेळाच्या, शिकारीच्या उपयोगाची असली पाहिजे. त्यासाठी गुणपत्रिका तयार झाली: लांबी किती, वजन किती, सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) कोणती. छोटी, हलकी, स्वस्त युरोपियन पिस्तुलं धडाधड नापास झाली. पण परीक्षा फक्त परदेशी मालाला होती. तेच पिस्तूल देशात बनवलं तर कुणी गुण विचारत नव्हतं. गंमत म्हणजे, रॉबर्ट केनेडींना लागलेल्या गोळ्या ज्यातून सुटल्या ते पॉइंट टू टूचं स्वस्त रिव्हॉल्व्हर अमेरिकेतच बनलेलं होतं.

जॉर्ज जेनिंग्ज नावाचा माणूस तेव्हा इकडे मशीन शॉप चालवत होता, विमानांचे पार्ट करायचा. बाजारात स्वस्त पिस्तुलांची चणचण पडल्याचं त्याच्या कानावर आलं आणि १९७० मध्ये त्यानं रेव्हन आर्म्स काढली. आधी पी-२५, पुढे किरकोळ बदल करून एमपी-२५. किंमत शंभर डॉलरच्या आत. लाखोंनी खपलं.

मग घरातले एकेक जण वेगळे निघाले. मुलगा ब्रूस यानं १९७८ मध्ये स्वतःची कंपनी काढून जे-२२ आणलं. १९८२ मध्ये जावयानं डेव्हिस इंडस्ट्रीज काढली. मुलाच्या शाळेतल्या मित्रानं १९८९ मध्ये लॉर्सिन. सगळे लॉस एंजेलिसच्या आसपास, सगळ्यांचा धातू तोच, किंमत तशीच, पिस्तुलंही एकमेकांची चुलत भावंडं वाटावीत अशी. आपल्याकडे एका खानावळीच्या चार होतात आणि प्रत्येक पाटीवर ‘मूळ’ लिहिलेलं असतं, तसा प्रकार. १९९४ मध्ये गॅरेन विंटेम्यूट या इमर्जन्सी वॉर्डातल्या डॉक्टरानं या गोतावळ्याचा नीट अभ्यास केला आणि लॉस एंजेलिसला पडलेल्या त्या कड्याला ‘रिंग ऑफ फायर’ म्हटलं. तोपर्यंत देशात बनणाऱ्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांपैकी साधारण एकतृतीयांश या मूठभर शेडमधून बाहेर पडत होती. जखमी माणसं रोज त्याच्या टेबलावर येत, म्हणून तो उलट दिशेनं शोधत कारखान्यापर्यंत पोचला. मी आयुष्यभर कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या पेट्या पाहिल्या. दुसऱ्या टोकाला काय होतं, ते पाहायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

या पिस्तुलांना इथे ‘सॅटरडे नाइट स्पेशल’ म्हणतात. शनिवारी पगार, शनिवारी दारू, शनिवारी रात्री भांडण. शब्दातच तुच्छता आहे, आणि ती नुसती बंदुकीबद्दल नाही, ती घेणाऱ्याबद्दलही आहे. मराठी पेपरात ‘गावठी कट्टा’ वाचताना जे चित्र डोळ्यासमोर येतं तसंच काहीसं, पण कट्टा चोरून बनतो. बहुतेक वेळा एकाच गोळीचा, घेणारा लपवतो, विकणारा लपवतो. रेव्हन खोक्यात यायचं. त्यावर नंबर असायचा, सोबत पावती असायची.

बाईंकडे पावती नव्हती, पण गोष्ट होती. १९८८-८९ साल. नवरा रात्रपाळीला दारूच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. दुकानावर एका वर्षात दोनदा दरोडा पडला. दुसऱ्या वेळी दरोडेखोरानं त्याला जमिनीवर पालथं झोपवलं आणि मानेवर बूट ठेवला. त्या आठवड्यात तो तारणवाल्याच्या दुकानात गेला. कॅलिफोर्नियात किमान मजुरी तेव्हा तासाला सव्वाचार डॉलर होती. बाईंच्या हिशेबानं हे पिस्तूल दोन रात्रींच्या मजुरीत आलं. पंधरा दिवस थांबायचा नियम होता, तेवढे दिवस थांबून. स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर घ्यायला कितीतरी अधिक रात्री लागल्या असत्या, आणि तेवढ्या रात्री त्याला त्याच गल्ल्यावर बसायचं होतं.

“त्यानं ते कधी वापरलं?” मी विचारलं.

“एकदाही नाही,” त्या म्हणाल्या. “पण रात्री घरी आल्यावर खिशातून काढून टेबलावर ठेवायचा, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला नसायचा.” मग थोडं थांबून, “मला मात्र त्या टेबलावर जेवण गोड लागलं नाही.”

स्वस्त पिस्तुलावर बंदी घाला म्हणणाऱ्यांना गरिबानं स्वतःला वाचवायचं कसं, असं विचारणारे लोक इथे आहेत, आणि त्यांचा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. महागडं पोलादी पिस्तूल जवळ बाळगणाऱ्याच्या जिवाची किंमत अधिक, असं कायद्यात लिहिलेलं नाही. पण स्वस्त म्हणजे काय काय स्वस्त केलं, हेही विचारावं लागतं. किंमत कमी करायला आमच्या धंद्यात ठरलेल्या जागा आहेत: धातू, फिनिश, तपासणी. पहिल्या दोन गिऱ्हाइकाला दिसतात.

रेव्हन बंद कसं पडलं ते मला आमच्या टूलरूममधल्या एका म्हाताऱ्या मेक्सिकन टूलमेकरनं सांगितलं. त्याला सगळे मायेस्त्रो म्हणायचे. आपला मिस्त्री पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला, कोकणात आणि गोव्यात अजून मेस्त्रीच म्हणतात. म्हणजे मी इकडे येऊनही मिस्त्रीच्याच हाताखाली होतो. हा मायेस्त्रो तरुणपणी त्या गोतावळ्यातल्या एका कारखान्यात डाय दुरुस्त करायचा. जेवणाच्या सुट्टीत, कागदातून बुरितो सोडत, तो हे सांगायचा. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये रेव्हनच्या कारखान्याला आग लागली. जॉर्ज जेनिंग्जचं वय झालं होतं, त्यानं पुन्हा उभारायचा खटाटोप केला नाही. डिझाइन विकून टाकलं. घेणारी कंपनी घरच्याच आणि ओळखीतल्या माणसांची. तिचं नाव फिनिक्स आर्म्स. आग लागलेल्या कारखान्याचा माल राखेतून उठणाऱ्या पक्ष्यानं विकत घेतला! हे ज्यानं ठरवलं तो एक तर फार विनोदी असणार किंवा अजिबातच नसणार.

फिनिक्सनं आमच्या शेजारच्या ऑन्टॅरियो गावात डोमकावळा काही काळ चालू ठेवला, मग स्वतःची नवी मॉडेलं काढली आणि तोही बंद केला. यादीतून नाव गेलं. मी मायेस्त्रोला म्हणालो, “म्हणजे शेवटी संपलं.” त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी धंद्यात नवीनच आहे. “डाय कुठे जाते?” त्यानं विचारलं.

हा प्रश्न भोसरीत मी हजारदा ऐकलेला. गिऱ्हाईक मॉडेल बंद करतं तेव्हा मशीन दुसऱ्या डायला लागतं, माणसं दुसऱ्या शिफ्टला लागतात. डाय राहते. ग्रीस लावून, तागाच्या पोत्यात गुंडाळून रॅकवर. ती फेकत नाहीत, कारण पोलाद चांगलं आहे, तिच्यावर एका माणसानं सहा महिने घातलेत, आणि उद्या कुणीतरी येऊन तोच पार्ट मागेल. येतंच. चेतक बंद झाल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नि रविवारी तिचे पार्ट मांडून बसणारे वाढले, कमी झाले नाहीत. कंपनीच्या दृष्टीनं गाडी संपली होती, पण ज्याच्या दारात ती उभी होती त्याची सकाळी किक मारायची वेळ तीच होती. पिस्तूल तर स्कूटरपेक्षा चिवट. त्याला पेट्रोल लागत नाही, पासिंग लागत नाही. मोज्यात गुंडाळून पंचवीस वर्षं ठेवलं तरी ते तेवढ्याच तयारीत असतं.

गोतावळ्यातल्या दुसऱ्या एका मॉडेलचं काय झालं ते तर कोर्टाच्या कागदांत आहे. ब्रूस जेनिंग्जची पुढची कंपनी ब्रायको. तिचं मॉडेल ३८ नावाचं पिस्तूल. त्यातली गोळी काढायची तर सेफ्टी आधी ‘फायर’वर आणावी लागायची, तरच स्लाइड मागे येई. १९९४ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका घरात ओळखीचा तरुण हेच करत होता. घरात सात वर्षांचा मुलगा होता. पिस्तूल सुटलं, गोळी मुलाच्या हनुवटीत शिरली आणि मानेतून गेली. मुलगा वाचला, मानेखालचं शरीर गेलं. खटल्यात वकिलांनी मांडलं की मुळात सेफ्टी लावूनही हे पिस्तूल रिकामं करता येत होतं, पण तसं करताना ते अडकायचं; अडकण्याचं कारण दुरुस्त करण्याऐवजी सेफ्टीचं काम बदललं गेलं.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. कारण हे मी केलेलं आहे. पिस्तुलात नाही, कपाटाच्या कुलपात. चावी फिरवताना एक खिटी अडकत होती. डाय दुरुस्त करायची तर मशीन दोन दिवस बंद, माल शुक्रवारी जायचा. आम्ही खिटी थोडी घासली. कुलूप फिरायला लागलं, जरा जास्तच सहज फिरायला लागलं. कुणाचं कपाट त्यानं उघडलं असेल तर असेल. माझ्या हातात तेव्हा जस्ताचं पिस्तूल असतं तर मी खिटी घासली नसती, असं मला म्हणायचं आहे. छातीठोकपणे म्हणता येत नाही.

२००३ मध्ये ज्युरीनं त्या मुलाच्या बाजूनं निकाल दिला. कंपनी आणि तिच्या मालकावर दोन कोटींहून जास्त डॉलर भरपाई द्यायची पाळी आली. कंपनीनं दिवाळखोरी मागितली. पुढच्या वर्षी मालमत्तेचा लिलाव निघाला: यंत्रं, डाय, हजारो अर्धवट जोडलेली पिस्तुलं. आणि बोली लावायला कोण आलं, तर तोच मुलगा. आता सतरा वर्षांचा, चाकांच्या खुर्चीत. लोकांकडून पैसे गोळा करून त्याला तो कारखाना विकत घ्यायचा होता, सगळं वितळवून टाकायला. समोर होता त्याच कारखान्याचा जुना फोरमन. फोरमननं ५,१०,००० डॉलरला माल उचलला.

नवीन नाव, नवीन पाटी, पुढे नेवाडात नवीन शेड. १९७८ चं जे-२२ थोड्याफार बदलानं जेए-२२ म्हणून पुन्हा विकायला लागलं. ती कंपनीही २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. मायेस्त्रो तोपर्यंत निवृत्त होऊन ग्वादालाहाराला परतला होता. नाहीतर मी फोन केला असता, आणि त्यानं तोच प्रश्न विचारला असता.

फोरमनचा मला राग यायला हवा, पण त्याचं गणित मला कळतं. वर्षानुवर्षं ज्या मशिनांचा आवाज ऐकला, ज्या डायच्या कुठल्या कोपऱ्यात माल चिकटतो हे झोपेत सांगता येतं, ती भंगारात जाताना बघायची आणि हाताखालच्या माणसांना घरी बसवायचं? भोसरीतलं युनिट बंद पडलं तेव्हा आमच्या मिस्त्रीनं भविष्यनिर्वाह निधी मोडून एक मशीन घेतलं होतं. आम्ही त्याला डोक्यावर घेतलं होतं. त्याच्या मशिनातून कपाटाच्या मुठी पडायच्या, एवढाच फरक.

ओढून ताणून का होईना, कायद्यानंही या पिस्तुलांचा पाठलाग केला, आणि त्यातला एक प्रकार वाचून मला हसूच आलं. स्वस्त पिस्तुलाची व्याख्या करायची कशी? किंमत लिहिली तर महागाई बदलते. नाव लिहिलं तर पाटी बदलते. तेव्हा इलिनॉयनं लिहिलं: ज्या पिस्तुलाचा सांगाडा ८०० अंश फॅरनहाइटच्या आत वितळतो ते विकायचं नाही. मिनेसोटानं १,००० अंश धरले. आपल्या अंशांत सांगायचं तर सव्वाचारशेच्या वर आणि साडेपाचशेच्या जरा खाली. झमाक दोन्हीकडे नापास. विधानसभेत बसून कुणीतरी आमच्या भट्टीवरचा काटा कायद्यात लिहिला होता. कॅलिफोर्नियाचा रस्ता वेगळा: १९९९ चा कायदा, २००१ पासून लागू. पिस्तूल मीटरभर उंचीवरून पाडून पाहायचं, ६०० गोळ्या झाडून पाहायच्या, पास झालं तर यादीत नाव. हे मला जास्त पटतं. धातूला जात लावण्यापेक्षा माल तपासावा. आम्हाला कारखान्यात कुणी शेवटची तपासणी नीट करू दिली असती तर तीच केली असती.

तर बाईंचं पिस्तूल. लॉस एंजेलिस शहरानं २००९ मध्ये मे महिन्यात, मदर्स डेच्या सुमाराला बंदुका परत घ्यायला सुरुवात केली. नाव-गाव विचारत नाहीत. बंदूक रिकामी करून डिकीत ठेवायची, गाडीतून उतरायचं नाही, पोलीस डिकी उघडून घेऊन जातात. पिस्तुलाला शंभर डॉलरचं किराणा दुकानाचं कार्ड. हे ऐकून बाई मोठ्यानं हसल्या. “म्हणजे त्यानं दिले त्यापेक्षा जास्त! आयुष्यात एवढाच सौदा जमला त्याला.”

शनिवारी सकाळी गेलो. गाड्यांची रांग ही मोठी. पुढच्या गाडीतला माणूस आईबरोबर आला होता, मागच्या गाडीत एकटीच म्हातारी. आमचा नंबर आल्यावर एका तरुण पोलिसानं डिकीतून बुटांचा खोका उचलला, झाकण उघडलं, मॅगझिन आणि नळी तपासली. “रेव्हन,” तो सोबत्याला म्हणाला, भाजीवाला मेथीची जुडी बघून ‘नाशिकची’ म्हणेल तसं. आज किती आली असतील, असं मी विचारणार होतो. टेबलामागच्या डब्यात नजर गेली आणि विचारलं नाही. क्रोम, काळी, निकेल. त्या ढिगात आमच्या धंद्याच्या माणसाला बफिंग केलेलं जस्त लांबूनही ओळखू येतं.

परत येताना बाई गप्प होत्या. पोमोनाच्या जवळ आल्यावर म्हणाल्या, “आता त्याचं काय करतात?”

“वितळवतात.” हे मला माहीत होतं. परगण्याचे शेरीफ तेव्हा दर वर्षी जमलेली हजारो शस्त्रं रँचो कुकामोंगातल्या पोलादाच्या भट्टीत टाकायचे. फिनिक्सच्या ऑन्टॅरियोला लागूनच आहे ते गाव. त्या कार्यक्रमाला प्रोजेक्ट आयझाया म्हणायचे. तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील असं सांगणाऱ्या बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या नावावरून. बंदुकांच्या शेवटी सळया व्हायच्या, पुलांच्या नि रस्त्यांच्या काँक्रीटमध्ये घालायच्या.

बाई चर्चला जाणाऱ्या. त्यांना हे फार आवडलं. “म्हणजे त्याचं पिस्तूल कुठल्यातरी पुलात जाईल.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बायको मला नेहमी सांगते, समोरचा खूश असला की तू तोंड उघडत जाऊ नकोस. पण धातूबद्दल खोटं बोलवत नाही. पोलादाची भट्टी १,६०० अंशांच्या आसपास चालते. जस्त ९०७ अंशांना उकळतं. भट्टीत पडल्यावर नळीतलं पोलादी नळकांडं, स्प्रिंग, दोन-चार पिना हे सगळं पोलादात मिसळेल, त्याची सळई होईल. पण बाकीचं पिस्तूल, त्याची बॉडी, स्लाइड, मुठीच्या पाठीवरची ती रेघ, हे सळईत जातच नाही. ते वाफ होऊन वर उठतं, हवेशी जळून पांढरी भुकटी बनतं. क्रिकेटवाले नाकाला नि ओठांना लावतात ना पांढरं, तीच. धुराड्याआधी मोठमोठ्या कापडी पिशव्या लावलेल्या असतात, त्यांत ती अडकते. ती भुकटीही फेकत नाहीत. गंजू नये म्हणून जस्त चढवलेला पत्रा भंगारात भरपूर येतो, त्यामुळे अशा भट्ट्यांच्या धुळीत जस्त चांगलंच असतं. ते पुन्हा काढून घेणारे वेगळे कारखाने आहेत. तिथून निघालं की परत बाजारात. पत्र्यावर, टायरात, आणि हो, झमाकमध्ये.

हे सगळं मी फ्रीवेवर सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे ते गेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“पिस्तूल म्हणून गेलं. जस्त म्हणून...” मी जरा अडखळलो. “कशाचीतरी मूठ होईल. एखादा नळ.”

घरासमोर गाडी थांबली. त्यांनी शंभर डॉलरचं कार्ड पर्समध्ये नीट ठेवलं, दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

“नळावरून आठवलं. स्वयंपाकघरातला माझा महिनाभर गळतोय. मूठ फिरवली की निसटतेच हातातून. वेळ आहे तुला?”

मी पाना आणायला घरी गेलो.